चौथीपर्यंतची शाळा

सोलापूर जिल्ह्यात वाडीवस्तीवरच्या शाळेत मुख्याध्यापकांची खोली शोधायला जाऊ नये. बहुतेक ठिकाणी ती नसतेच. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक बसतात. प्राथमिक शाळेला पूर्णवेळ मुख्याध्यापक मिळायचा तर पट दीडशेच्या वर जावा लागतो. पट तीस-चाळीसचा असेल, तर दोघांतले सेवाज्येष्ठ गुरुजी मुख्याध्यापकाचा प्रभार सांभाळतात. प्रभारात तांदळाचा साठा येतो, खिचडीच्या चवीची नोंदवही येते, यू-डायस या सरकारी नोंद प्रणालीत भरायची माहिती आणि शाळा व्यवस्थापन समितीची सभा येते. शिवाय स्वतःचे दोन वर्ग असतातच. परिपाठ आटोपून हजेरी घेईपर्यंत स्वयंपाकाच्या ताई आज किती मुलं धरायची ते विचारायला दारात उभ्या. तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा व्हॉट्सॲपवर निरोप येतो, माहिती आजच पाठवा. दर मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, आणि तो हिशेब हजेरीशी तंतोतंत जुळला पाहिजे.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा याच जातकुळीतली. रणजितसिंह डिसले तिथे २००९ मध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. इमारत मोडकळीला आलेली, एका अंगाला गुरांचा गोठा, दुसऱ्या अंगाला सामानाची कोठी. मुली शाळेत येत नव्हत्या आणि त्यांची लग्नं लवकर होत होती.

डिसले मूळचे बार्शीचे. बार्शीला शाळा-कॉलेजांची जुनी परंपरा आहे.  डिसल्यांना मात्र व्हायचं होतं संगणक अभियंता. अभियांत्रिकीचं कॉलेज मानवलं नाही, वडिलांनी शिक्षक व्हायचं सुचवलं आणि ते त्या वाटेला लागले. दुसऱ्या पसंतीच्या नोकरीत माणसं बहुधा दिवस ढकलतात. इथे अपुरी राहिलेली हौसच कामाला आली.

पुढे जगभर गाजलेली डिसल्यांची क्यूआर कोडची गोष्ट करायला अगदी साधी आहे. कविता चालीवर म्हणून रेकॉर्ड करायची, धड्यावर छोटा व्हिडिओ करायचा, गोष्ट, स्वाध्याय तयार करायचे. हे सगळं इंटरनेटवर चढवायचं, त्याच्या दुव्याचा कोड बनवायचा, छापायचा आणि पुस्तकात त्या-त्या धड्यापाशी डकवायचा. कोड बनवायला खर्च जवळजवळ नाही. खरे कष्ट असतात आधीचे: कुठल्या धड्यावर मुलं अडतात, कुठली कविता एकदा ऐकून पुरत नाही, हे पान-पान बघत ठरवणं. पहिली ते चौथीची पुस्तकं त्यांनी अशी बांधून घेतली.

त्याचा उपयोग समजायला दोनशिक्षकी शाळेतला एक तास बघावा. एका खोलीत दोन इयत्ता. गुरुजी पहिलीच्या मुलांचा हात धरून अक्षर गिरवून घेत असतात आणि चौथीचे लोक पुस्तकात डोकं घालून, खरं तर एकमेकांच्या खोड्या काढत, वाट पाहत असतात. कागदोपत्री याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. अशा वेळी चौथीतल्या चार जणांना फोनवर धडा ऐकता आला, तर गुरुजींची वीस मिनिटं सुटतात. शहरातल्या शाळेला हा कोड चैनीचा वाटेल. वस्तीवर तो जवळपास तिसरा शिक्षक असतो.

प्रयोग यशस्वी झाला, प्रस्ताव वर गेला आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत क्यूआर कोड आणायचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी एनसीईआरटीच्या पुस्तकांबाबतही तशीच घोषणा झाली. आज बालभारतीच्या पुस्तकातला कोड दीक्षा ॲपवर उघडतो. परितेवाडीत हाताने चिकटवलेला कागद आणि छापखान्यातून येणारा कोड यांत एक फरक उरतोच. पहिला लावणाऱ्याला कुठलं मूल कुठे अडतं ते ठाऊक होतं.

फोनची अडचण मात्र राहते. तो असतो वडिलांच्या खिशात, आणि वडील शेतात किंवा मजुरीवर. घरी येतात संध्याकाळी, नेमके टीव्हीवरच्या मालिकांच्या वेळेला. यावर डिसल्यांनी काढलेला उपाय मला कोडपेक्षाही हुशारीचा वाटतो: सात वाजता गावात भोंगा वाजायचा, घराघरांतले टीव्ही बंद व्हायचे आणि आईबापांनी मुलांजवळ बसायचं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये असाच सातचा भोंगा सुरू केला, तेव्हा त्याची बातमी सगळीकडे गेली. भोंग्याला ॲप लागत नाही, गावाची संमती लागते. ती मिळवणं हे या नोकरीतलं सर्वांत वेळखाऊ काम, आणि त्याची नोंद करायला कुठलंही रजिस्टर नाही.

३ डिसेंबर २०२० रोजी लंडनहून स्टीफन फ्राय यांनी जागतिक शिक्षक पुरस्काराचं नाव जाहीर केलं: रणजितसिंह डिसले. एकशे चाळीसहून अधिक देशांतल्या बारा हजारांवर नामांकनांतून ते निवडले गेले होते. रक्कम दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे पंचावन्न हजार डॉलर आले. भारत-पाकिस्तान, इस्राएल-पॅलेस्टाईन अशा देशांतल्या मुलांच्या जोड्या लावून त्यांना सहा आठवडे एकमेकांशी बोलतं ठेवण्याचा त्यांचा उपक्रमही तेव्हा चर्चेत आला. पुरस्कार देणाऱ्या वार्की फाउंडेशनच्या माहितीत, मुलांची घरची भाषा कन्नड असल्याने डिसले ती शिकले, असाही उल्लेख आहे. कन्नड म्हटलं की सोलापूरकराला आधी कर्नाटकच्या सीमेवरचं अक्कलकोट आठवतं, म्हणून माढ्याच्या संदर्भात हे वाचताना तो क्षणभर थबकतो. गावात मुलींची हजेरी पूर्ण झाली आणि बालविवाह थांबले, असंही त्या माहितीत म्हटलं आहे. मोठी गोष्ट खरं तर ही. मथळे गेले क्यूआर कोडकडे.

मग वाद झाला. डिसल्यांना फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी अमेरिकेला जायला रजा हवी होती. जानेवारी २०२२ मध्ये त्यावरून जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने प्रश्न उपस्थित केले, प्रकरण शिक्षणमंत्र्यांपर्यंत गेलं आणि रजा मिळाली. त्यांच्या शाळेतल्या गैरहजेरीबाबत घेतलेले आक्षेप मात्र मिटले नाहीत. जुलैमध्ये डिसल्यांनी राजीनामा दिल्याची बातमी आली. लोकांनी लगेच बाजू वाटून घेतल्या: एकीकडे जगाने गौरवलेला शिक्षक, दुसरीकडे कोत्या मनाचं कार्यालय.

इतकं सोपं ते नाही. कार्यालयाकडे मोजायला हजेरीपत्रकच आहे, कारण दोन शिक्षकांच्या शाळेतला एक गेला की चारही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात पडतात, आणि त्या दुसऱ्या गुरुजींना कुणी लंडनहून फोन करत नाही. उलट, परितेवाडीत तयार झालेली कल्पना राज्याने सगळ्या शाळांसाठी उचलली, तेव्हा ती सुचायला आणि घडवायला गेलेला वेळ कुठल्या रकान्यात धरायचा हे कुणी ठरवलं नाही. अभ्यासरजेचे नियम असतात. रजेच्या काळात वस्तीवरच्या शाळेला बदली शिक्षक हमखास मिळेल, अशी सोय नसते. ती असती तर अर्जावर इतकी खळखळ होण्याचं कारणच उरलं नसतं.