सत्तेचाळीस अंशांच्या आत

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात झोतभट्टीतून लोखंडाचा रस निघतो, तो दीड हजार अंशांच्या आसपास तापलेला. त्याच शहरात कोहका-कुरुद रस्त्यावर रुंगटा डेंटल कॉलेज आहे. तिथे काय किंवा कुठल्याही दवाखान्यात काय, इम्प्लांटसाठी, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूसाठी, जबड्याच्या हाडात भोक पाडणाऱ्याला 47 अंशांच्या आत राहावं लागतं. मे महिन्यात भिलाईचा पारा चाळिशी सहज ओलांडतो, म्हणजे ही मुभा फार मोठी नव्हे. एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन या स्वीडिश संशोधकांनी 1983 साली सशांच्या हाडावर दाखवलं की एवढी उष्णता मिनिटभर राहिली तरी हाडाला इजा होते. म्हणून ड्रिलवर थंड सलाईनची धार धरायची, पातं धारदार ठेवायचं आणि थांबत थांबत खाली जायचं.

टायटॅनियम हाडाला चिकटतं, हे स्वीडनचेच संशोधक पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क यांच्या ध्यानात आलं ते 1950 च्या दशकात. सशाच्या पायात बसवलेलं उपकरण निघेचना! 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. टायटॅनियमवर हवेतच ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढतो. हाडाची गाठ पडते ती त्याच्याशी.

पहिल्या दिवशी इम्प्लांट धरून ठेवतात ते फक्त त्याचे आटे. मग दुखावलेलं हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात, त्यांच्यामागून नवं हाड रचणाऱ्या येतात. जुनं गेलेलं आणि नवं पुरतं न आलेलं, अशा तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड बहुधा सगळ्यात ढिली असते. दुखणं थांबलं म्हणून त्या बाजूने सुपारी फोडायला जाणारे नेमके इथे फसतात.

शस्त्रक्रियेच्या पद्धतींचा वाद या काळाभोवतीच फिरतो. हिरडी उघडून काम केलं तर हाड डोळ्यांना दिसतं. पण हाडावरचं आवरण सोलल्याने तिथला रक्तपुरवठा काही काळ तुटतो आणि कडेचं हाड थोडं झिजू शकतं. हिरडी न उघडता छोट्या छिद्रातून गेलं तर सूज आणि दुखणं कमी, पण काम आंधळं. त्याला आधी थ्रीडी स्कॅन हवा, भरपूर हाड हवं. वरच्या जबड्याच्या मागच्या भागात हाड बऱ्याचदा भुसभुशीत असतं. तिथे खास ड्रिल उलट्या दिशेने फिरवून हाड कोरून काढण्याऐवजी बाजूला दाबतात. मऊ मातीत खड्डा न खणता खुंटा ठोकावा तसं. सुरुवातीची पकड याने घट्ट होते. ती वर्षानंतरही सरस राहते, असं मात्र ठामपणे म्हणता येत नाही. माझं मत विचाराल तर जाहिरातीतल्या पद्धतीच्या नावापेक्षा ड्रिल धरणारा हात महत्त्वाचा.

यशाचं माप एक्स-रेवर निघतं. 1986 पासून वापरात असलेल्या निकषानुसार पहिल्या वर्षानंतर इम्प्लांटभोवतीचं हाड दरसाल 0.2 मिलिमीटरपेक्षा कमी झिजायला हवं.

छत्तीसगडात इम्प्लांटभोवतीच्या या हाडाला एक स्थानिक शत्रू आहे: गुडाखू. तंबाखू-गुळाची ही पेस्ट सकाळी उठल्याबरोबर दातांवर घासायची सवय अनेकांना असते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे हिरडी न उघडता जो रक्तपुरवठा जपला, तोच रोज थोडा थोडा तोडला जातो. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं. त्याभोवतीची हिरडी मात्र सुजते, आणि सूज खाली हाडापर्यंत पोचते.