क्लाइडबँक: गोदी तगली, वस्ती गेली

ग्लासगोच्या पश्चिमेला, क्लाइड नदीच्या काठी १८७१ पर्यंत शेतीवाडी होती. त्या वर्षी जे. अँड जी. थॉमसन कंपनीने आपली जहाजगोदी गोव्हनहून इथे हलवायला घेतली. मुक्कामाला घरं नव्हती, म्हणून कामगार बोटीने ये-जा करत. मग कंपनीनेच गोदीलगत चाळीवजा इमारती उठवल्या. लोक त्या वस्तीला ‘थॉमसनचं गाव’ म्हणत; पुढे गोदीचंच ‘क्लाइडबँक’ हे नाव गावाला चिकटलं.

शेजारी सिंगर कंपनीचा शिलाई मशीनचा अवाढव्य कारखाना आला. आपल्याकडच्या जुन्या सिंगर मशीनचा क्रमांक ‘वाय’ किंवा ‘एफ’ अक्षराने सुरू होत असेल, तर ती इथलीच. १८९९ साली गोदी जॉन ब्राउन कंपनीने घेतली. ‘लुसिटानिया’, ‘हूड’, ‘क्वीन मेरी’ इथेच घडल्या. मंदीत, डिसेंबर १९३१ मध्ये ‘क्वीन मेरी’चं काम थांबलं आणि गावाच्या चुली थंडावल्या. एप्रिल १९३४ मध्ये काम पुन्हा सुरू झालं, तेव्हा कुठे गावाच्या जिवात जीव आला.

१३ मार्च १९४१ ची रात्र पौर्णिमेची होती. दोनशेहून अधिक जर्मन विमानं क्लाइडकाठावर आली. आधी आग लावणारे बॉम्ब पडले. सिंगरच्या वखारीतलं लाकूड पेटलं, डालनॉटरच्या तेलटाक्या भडकल्या. मागून येणाऱ्या विमानांना वेगळ्या खुणेची गरज उरली नाही. गोदीत दुरुस्तीला आलेल्या ‘पिओरुन’ या पोलिश विनाशिकेने तोफा डागून प्रतिकार केला. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. जेलिको स्ट्रीटवरच्या एका इमारतीत एकाच कुटुंबातली १५ माणसं गेली. टेकडीवर सपाट छपरांच्या घरांची ओळ होती, तिला ‘होली सिटी’ म्हणत. तीही उद्ध्वस्त झाली.

दोन रात्रींत ५२८ माणसं मेली. सुमारे १२,००० घरांपैकी धड राहिली ती बोटांवर मोजण्याइतकी. ३५,००० लोक बेघर झाले आणि मिळेल त्या वाहनाने बाहेर पडले. त्या मानाने गोदीचं नुकसान किरकोळ होतं. काम लवकरच सुरू झालं. आता कामगार दूरदूरच्या गावांतून कामावर येऊ लागले.

गोदीने युद्ध पचवलं, बाजार मात्र पचला नाही. १९६७ मध्ये ‘क्वीन एलिझाबेथ २’ पाण्यात उतरली आणि १९७२ साली इथलं शेवटचं जहाज बाहेर पडलं. शत्रूचा डोळा होता गोदीवर. किंमत मोजली ती तिच्या आसऱ्याने राहणाऱ्या घरांनी. जहाजांच्या इतिहासात क्लाइडबँकचं नाव घेताना हा हिशेबही मांडायला हवा.