मोटारसायकलची बॅटरी : आधी काळी वायर की लाल?

आज आपण बिरसीत जमलोय. इथली धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. पुढे इथं वैमानिकांचं प्रशिक्षणही सुरू झालं. उड्डाणाआधी वैमानिक यादी हातात धरून, ठरलेल्या क्रमानंच एकेक गोष्ट तपासतो. आपल्या गाडीची बॅटरी बदलतानाही खरा मुद्दा क्रमाचाच आहे.

काढताना आधी काळी वायर, मग लाल. बसवताना आधी लाल, काळी सगळ्यात शेवटी. असं का? गाडीची चेसिस बॅटरीच्या वजा टोकाला जोडलेली असते. काळी वायर लावलेली असताना आपण लाल टोकाचा बोल्ट फिरवला आणि पाना चेसिसला टेकला, की बॅटरीचा सगळा करंट पान्यातून धावतो. फ्यूज इथं वाचवत नाही, कारण तो या वाटेवर नसतोच. जवळच पेट्रोलची टाकी असते, हे विसरू नका. काळी आधी सुटली असेल, तर पाना चेसिसला टेकला तरी काही होत नाही.

आमच्या हातून एकदा ही चूक झालीय. पान्याच्या तोंडाला खळगा पडला. तो पाना आम्ही जपून ठेवलाय. शिकायला येणाऱ्या पोरांना आधी तोच दाखवतो. तेव्हा अंगठी, कडं काढून ठेवा आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा.

आता सगळ्यांना छळणारी गोष्ट. टोकाच्या खाचेतला चौकोनी नट खाली बसतो आणि बोल्ट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मग काय करायचं? नटाखाली स्पंजचा किंवा जुन्या ट्यूबचा छोटा तुकडा सरकवा. नट वर उचलला जातो, बोल्ट लगेच धरतो. दोन पेच हातानंच द्या, मग पाना लावा. टोक शिशाचं, म्हणजे मऊ असतं; जोर लावून आवळू नका.

टोकावर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर वायरी सोडवून खायच्या सोड्याच्या पाण्यानं ब्रशनं घासा. पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका. पुसून, वाळवून वायरी आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. आम्ल भरलेली बॅटरी असेल तर वाफेची नळी दुमडलेली नाही ना, ती चेनवर ठिबकत नाही ना, हे बघा. बॅटरीचा रबरी पट्टा लावायलाच हवा. खड्ड्यांच्या रस्त्यावर हादऱ्यांनी आतल्या प्लेटा झडतात.

शेवटी मीटर लावा. गाडी बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी साधारण 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते. इंजिन जरा रेस केल्यावर आकडा 13.5 ते 14.5 च्या दरम्यान आला पाहिजे. वाढलाच नाही, तर नव्या बॅटरीला दोष देऊ नका. चार्जिंग तपासा; नाहीतर नवी बॅटरीही उतरेल आणि रात्री सुनसान रस्त्यावर गाडी ढकलायची वेळ आपल्यावरच येईल.