बदली वादकाची ऑडिशन : परीक्षक नेमकं काय ऐकतात?

आपल्याकडे 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की गणेशोत्सवात होणारा जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. आज आम्ही बोलणार आहोत ते सिम्फनी ऑर्केस्ट्राविषयी. साठ ते शंभर वादक, समोर कंडक्टर आणि प्रत्येकाच्या पुढ्यात लिहिलेलं संगीत, असा हा वाद्यवृंद. आणि त्यातही आजचा विषय आहे तिथला बदली वादक.

बदली हा शब्द मुंबईला गिरण्यांमुळे चांगला ठाऊक आहे. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात उभा राहायचा. आज कोणी गैरहजर असेल तर आत काम, नाहीतर घरी परत. युरोप-अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांमध्येही कायम नोकरीतले वादक असतात आणि त्यांच्यामागे बदलीवाल्यांची एक यादी असते. कोणी आजारी पडतं, कोणी बाळंतपणाच्या रजेवर जातं, एखादी जागा बराच काळ भरलेली नसते. शिवाय काही रचनांना माणसंच जास्त लागतात. माहलरच्या तिसऱ्या सिम्फनीत आठ हॉर्न आहेत; इतके हॉर्नवादक कायम पगारावर ठेवणं बऱ्याच ऑर्केस्ट्रांना परवडत नाही. अशा वेळी फोन जातो तो या यादीतल्या वादकाला. अमेरिकेत त्याला 'सब' म्हणतात, इंग्लंडमध्ये 'डेप' किंवा 'एक्स्ट्रा'.

आता या यादीत नाव लागतं कसं? मार्ग साधारण तीन. पहिला, कायम जागेच्या ऑडिशनमध्ये शेवटच्या फेरीपर्यंत गेलात पण निवड झाली नाही, तर बदलीसाठी विचारणा होऊ शकते. दुसरा, एखाद्या शिक्षकाने किंवा आतल्या वादकाने तुमचं नाव सुचवणं. आणि तिसरा, खास बदली वादकांसाठी घेतलेली ऑडिशन. कधी आधी रेकॉर्डिंग मागवतात, कधी थेट बोलावतात.

ऑडिशनमध्ये तुम्हाला मिळतात ती जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. व्हायोलिनवादक असाल तर आधी मोत्सार्टच्या एखाद्या कॉन्चेर्तोचा सुरुवातीचा भाग वाजवायचा. मग येतात 'उतारे', म्हणजे ऑर्केस्ट्राच्या नेहमीच्या रचनांमधले अवघड तुकडे. रिखार्ड श्ट्राउसच्या 'डॉन हुआन'चं पहिलं पान, शूमानच्या दुसऱ्या सिम्फनीतलं स्केर्त्सो, मोत्सार्टच्या एकोणचाळिसाव्या सिम्फनीतले उतारे. बासरीवाल्याला देब्युसीच्या 'फॉन'ची सुरुवात, डबल बासवाल्याला बेटहोव्हनच्या पाचव्या सिम्फनीतला तिसरा भाग. यादी आधी कळवलेली असते, त्यामुळे परीक्षेत अनपेक्षित असं फारसं काही नसतं.

मग परीक्षा कशाची? इथे बहुतेक उमेदवार चुकतात. वर्षानुवर्षं त्यांना एकट्याने वाजवायला शिकवलेलं असतं. मोठा नाद, ठसठशीत भाव, स्वतःची अशी शैली. परीक्षक मात्र वेगळाच प्रश्न मनात धरून बसलेले असतात : या माणसाला परवा संध्याकाळी आमच्या मधोमध बसवलं, तर आम्हाला काळजी वाटेल की नाही?

म्हणून पहिली नजर लयीवर. शूमानच्या त्या स्केर्त्सोमध्ये छोट्या स्वरांची धार अखंड वाहत राहते. तिथे वेग नसतो त्यांचा दोष लगेच दिसतो, पण दर चार मात्रांनी थोडे थोडे पुढे पळणारेही तितकेच गळतात. एकटं वाजवताना हे खपून जातं. सोळा व्हायोलिनांमध्ये पळणारा एक जण सगळ्यांची लय विस्कटतो. दुसरं, सूर. तिसरं, हळू वाजवणं. जिथे कागदावर 'अगदी हळू' लिहिलंय तिथे खरोखरच हळू, आणि तरीही आवाज न थरथरता.

चौथी गोष्ट थोडी गमतीची आहे. उतारा छान वाजवून झाल्यावर परीक्षक म्हणतात, 'पुन्हा वाजवा, पण अजून हलकं, आणि बो कमी वापरा.' उमेदवाराला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. तसं असेलच असं नाही. सांगितलेलं लगेच बदलता येतं का, हे त्यांना पाहायचं असतं. कारण तालमीत प्रमुख वादक नेमकं हेच सांगणार आहे, आणि समजावून द्यायला त्याच्याकडे वेळ नसणार.

पडद्याबद्दल नेहमी विचारलं जातं. कायम जागांसाठी अमेरिकेत उमेदवार पडद्याआड वाजवतो. बॉस्टन सिम्फनीने 1952 मध्ये हे सुरू केलं, आणि पुढे 1970 च्या दशकापासून ते सर्वत्र पसरलं. बुटांच्या आवाजावरून स्त्री की पुरुष हे कळू नये म्हणून कुठे कुठे जाजमही अंथरतात. बदलीच्या बाबतीत मात्र नियम ढिले असतात. ओळखी चालतात, शिफारस चालते. त्यामुळे दार लवकर उघडतं हे खरं. पण कोणाला ते कधीच का उघडत नाही, हेही यातच आलं.

समजा, नाव यादीत लागलं. खरी ऑडिशन इथून सुरू होते, ती म्हणजे पहिली तालीम. तुम्हाला बहुधा मागच्या स्टँडवर बसवतात. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे पुढच्या वादकांपासून दहा मीटर मागे बसलात, तर त्यांचा सूर तुमच्यापर्यंत सेकंदाच्या तीन शतांशांनी उशिरा पोचतो. कानावर विसंबून वाजवलंत की तुम्ही मागे पडलात. म्हणून मागच्या रांगेत डोळ्यांनी वाजवायचं असतं : कंडक्टरचा हात आणि प्रमुख वादकाचा बो. बो वर की खाली, हे सगळ्यांचं एकच हवं. पार्टवर पेन्सिलीने केलेल्या खुणा आपल्याला पटोत वा न पटोत, तशाच पाळायच्या. आतल्या बाजूला बसलात तर पान उलटायचं काम तुमचं. आणि तालमीआधी हात मोकळे करताना दुसऱ्याचा सोलो मोठ्याने वाजवायचा नाही! हे कुठल्याच पत्रकात छापलेलं नसतं, पण एवढ्यावरून दुसऱ्यांदा फोन न आलेली माणसं आहेत.

ही कसोटी आपल्या मुंबईला अगदीच नवी नाही. हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओंमध्ये गोव्याच्या वादकांना मागणी होती. गोव्याच्या चर्चशाळांमध्ये लहानपणीच त्यांना नोटेशन शिकवलेलं असे. समोर कागद ठेवला की वाजवायचं, आणि त्या दिवसाचे पैसे घेऊन दुसऱ्या स्टुडिओत जायचं. 2006 मध्ये मुंबईत एनसीपीएमध्ये 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' स्थापन झाला, तिथेही हंगामापुरते वादक परदेशातून येतात.

आता या कामाची दुसरी बाजू. बदली वादकाला पैसे मिळतात ते 'सर्व्हिस'प्रमाणे. एक तालीम ही एक सर्व्हिस, एक मैफल ही दुसरी. एक सर्व्हिस साधारण अडीच तासांची. फोन आला नाही तर उत्पन्न नाही. आणि फोन का आला नाही, हे सांगायला कोणी बांधील नसतं. दोन-तीनदा 'जमणार नाही' म्हणालात तर नाव आपोआप खाली सरकतं, म्हणून लोक ताप असतानाही 'हो' म्हणतात. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचं उदाहरण तर प्रसिद्धच आहे. आना लेल्केस या हार्पवादक तिथे वीस वर्षांहून अधिक काळ वाजवत होत्या, तरी सभासद नव्हत्या, कारण तो ऑर्केस्ट्रा स्त्रियांना सभासदत्वच देत नसे. ते मिळालं 1997 मध्ये. इतकी वर्षं मैफलींना त्या चालत होत्या, सभासदांच्या यादीत चालत नव्हत्या. बदलीचं काम ही कायम नोकरीची पहिली पायरी आहे, असं कोणी सांगितलं तर हे लक्षात असू द्या. कधी असते, पुष्कळदा नसते.

मग तयारी कशी करायची? उतारा एकट्याने घोटण्याआधी पूर्ण रचना ऐका, आपण वाजवताना बाकीचे काय करताहेत ते पार्टवर लिहून ठेवा. मेट्रोनोम लावून स्वतःचं रेकॉर्डिंग करा आणि दुसऱ्या दिवशी, कान ताजे असताना, ऐका. त्या ऑर्केस्ट्राचा मूळ सूर आधी विचारून घ्या : अमेरिकेत 'ए' स्वर बहुधा 440 हर्ट्झ असतो, युरोपात पुष्कळ ठिकाणी 442 किंवा 443. आणि मित्राला समोर बसवून मध्येच सूचना द्यायला सांगा. 'हळू', 'छोटा बो', 'पुन्हा'. ते ऐकून लगेच बदलायची सवय लागली, की ऑडिशनच्या खोलीत ती सूचना ऐकून धडकी भरत नाही.

एवढं बोलून आम्ही थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊया.