नावावरून फंक्शनकडे

सकाळी ८. इब्लूरचा चौक तुंबायच्या आत सर्जापूर रोडला लागायचं. ऑफिसात चहा झाला की टर्मिनल. आमच्या टीमचं एक पायथन टूल आहे. डेटा आणणं, तपासणं, अहवाल काढणं ही सगळी कामं त्याच्या सबकमांड करतात.

९.३०. बेळगावच्या सहकाऱ्याचा कोड तपासायला आला. इफ-एलिफची लांबलचक रांग काढून त्यानं टाइप केलेल्या नावाचं फंक्शन गेटअ‍ॅटरनं थेट मॉड्यूलमधून उचललंय. ''दादा, आता नवी कमांड आली तरी मुख्य फाइलला हात लावायला नको.'' हेतू अगदी बरोबर. पण त्याच मॉड्यूलमध्ये वरती शटिलमधलं आरएमट्री आयात केलंय, म्हणजे तीही कमांड झाली. पुढे दिलेलं फोल्डर सरळ पुसलं जाईल. टर्मिनलवर बसलेल्याला तसंही ते पुसता येतं. आमचं टूल मात्र रात्रीच्या जॉबमधून, दुसऱ्याच्या अधिकारानं चालतं. पायथनचं सीएमडी मॉड्यूलही नावावरूनच मेथड शोधतं, पण आधी 'डू_' जोडून. तेवढ्या उपसर्गानं कुंपण पडतं.

११. दोघांनी बसून डिक्शनरी केली. डेकोरेटर लावलेलं फंक्शनच तिच्यात नोंदवलं जातं. आर्गपार्सचं सेट_डिफॉल्ट्स वापरूनही हे जमलं असतं. पण कमांड वाढत जाणार असतील तर मला अशी नोंदवही आवडते. काय चालू शकतं ते एका जागी वाचता येतं.

१.३०. जेवण.

२.१५. त्याला मुंबईच्या फ्रॅपेचं बेंच हे टूल दाखवलं. ते क्लिक या लायब्ररीवर उभं आहे. बसवलेल्या प्रत्येक अ‍ॅपचं 'कमांड्स' मॉड्यूल ते नावानं आयात करतं आणि त्यातली त्याच नावाची यादी वाचतं. अ‍ॅप कुणीही लिहावं, पण बाहेर काय द्यायचं ते त्यानंच यादीत मांडायचं. मला ही शिस्त फार मोलाची वाटते.

४. नुसता हेल्प मागितला तरी टूल रेंगाळत होतं. 'एक्स इम्पोर्टटाइम' लावून पाहिलं (ही सोय पायथन ३.७ पासून आहे), तर वेळ पांडाज खात होतं, तेही एकाच कमांडसाठी. मग नोंदवहीत फंक्शनऐवजी त्याचा पत्ता ठेवला. मागितलेलं मॉड्यूल तेवढंच इम्पोर्टलिब आणतं. डेकोरेटर गेला, कारण तो चालायला आधी मॉड्यूल आयात व्हावं लागतं. हेल्पची ओळही पत्त्याशेजारीच लिहिली, नाहीतर हेल्प दाखवायला पुन्हा सगळंच लोड झालं असतं.

६. शेवटची टेस्ट चुकीच्या नावाची. डिफलिब जवळचं नाव सुचवतं, पण ते आपणहून चालवायचं नाही. आर्गपार्ससारखा एक्झिट कोड २ द्यायचा, म्हणजे रात्रीचा जॉब तिथेच थांबतो.