जावयाचा पहिला पाइप

गेल्या वर्षीच्या दिवाळसणाची गोष्ट. जावईबापू पुण्याहून बेळगावला आले होते. प्रथेप्रमाणे सौभाग्यवतींनी त्यांना विचारले, "काय हवे ते निःसंकोच सांगा." दिवाणखान्यातील भिंतीवर माझे एक जुने छायाचित्र आहे, त्यात माझ्या तोंडात पाइप आहे. तिकडे पाहत ते म्हणाले, "बाबा, मला एक पाइप घेऊन द्या. माझा पहिलाच आहे, तेव्हा निवड तुम्हीच करा." कन्येने डोळे वटारले. मी मात्र, खरे सांगायचे तर, मनातून सुखावलो. कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सकाने सुखावावे अशी ती मागणी नव्हती, हे ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

माझा पहिला पाइपही भेटीदाखलच मिळाला होता. १९८४ साली मी एम.एस. झालो, तेव्हा इंग्लंडात शिकून आलेल्या माझ्या गुरुजींनी तो मला दिला आणि त्याची पारख कशी करावी तेही शिकविले. ती विद्या मी अद्याप विसरलेलो नाही.

पाइपसाठी उत्तम लाकूड ब्रायरचे. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याशी, मुळांच्या वर, जी गाठ धरते तिचे हे लाकूड. ते उकळून काही महिने सुकवितात. मग ते उष्णतेने सहसा जळत वा तडकत नाही. फ्रान्समधील सें-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकापासून या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे. तुर्कस्तानातील एस्किशेहिरच्या खाणींतून निघणाऱ्या मीरशाम या पांढऱ्या, हलक्या खनिजाचे पाइप देखणे असतात, पण हातून पडले की फुटतात. अमेरिकेतील मिसुरी राज्यात मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचे पाइप होतात; ते स्वस्त असतात आणि नवशिक्याला सोयीचे पडतात.

नवशिक्याने नक्षीच्या नादी लागू नये. पाइप वजनाला हलका असावा, नाही तर दात आणि जबडा दुखतो. वाटीची भिंत चांगली जाड असावी, नाही तर बोटे पोळतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दांडीतले छिद्र वाटीच्या अगदी तळाशी आणि मध्यभागी उघडलेले असावे. ते वर राहिले तर तळाची तंबाखू ओली राहते आणि पाइप गुरगुरू लागतो. नळी साफ करण्याची मऊ तार तोंडाकडून वाटीपर्यंत न अडखळता गेली पाहिजे. जाड रोगणाखाली लाकडातले भरलेले खड्डे लपतात, म्हणून चकाकीला भुलू नये. भरताना तळाची तंबाखू बालकाच्या हाताने, मधली स्त्रीच्या आणि वरची पुरुषाच्या हाताने दाबावी, असे जुने पाइपवाले सांगत. घाईने ओढल्यास जीभ पोळते. एकदा ओढलेल्या पाइपला दिवसभर विश्रांती द्यावी.

येथवर सारे मी जावईबापूंना रंगून सांगितले. त्यानंतरचे सांगायला मात्र जीभ अडखळली.

१७९५ साली झ्योमरिंग या जर्मन वैद्याने पाइप ओढणाऱ्यांत ओठाचा कर्करोग अधिक आढळतो, असे नोंदविले होते. १९६४ च्या अमेरिकन सर्जन जनरलच्या अहवालाने तो कार्यकारणभाव मान्य केला. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ज्यांच्या सवयींची नोंद करून पाहणी आरंभिली, ते सारे आपलेच व्यवसायबंधू, म्हणजे ब्रिटनमधील डॉक्टर होते. पाइपचा धूर बहुधा छातीत ओढीत नाहीत, म्हणून फुप्फुसाचा धोका सिगारेटच्या मानाने कमी असतो. पण तो न ओढणाऱ्यापेक्षा अधिकच. शिवाय ओठ, जीभ, घसा आणि अन्ननलिका यांची सुटका नाहीच. हे मी विद्यार्थ्यांना शिकवीत असे आणि तास संपला की पाइप पेटवीत असे.

१९९६ साली निपाणीकडचा एक शेतमजूर माझ्या रुग्णालयात होता. तंबाखूच्याच मुलखातला माणूस. आयुष्यभर विडी ओढलेली. त्याचे स्वरयंत्र मी काढले होते. टाके काढायला गेलो तेव्हा मी सवयीने म्हणालो, "आता विडीला हात लावायचा नाही हं." त्याला बोलता येत नव्हते. त्याने हात उचलून माझ्या कोटाच्या खिशाकडे बोट दाखविले. खिशातून पाइपची नळी डोकावत होती. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उपहासही नव्हता. बहुधा त्याला खरोखरच विचारायचे होते. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्याच आठवड्यात मी आरशासमोर तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिले. टाळू पांढुरकी झाली होती आणि तिच्यावर लाल ठिपके होते. पाइपवाल्यांच्या टाळूचे हे वर्णन मी कित्येकदा फळ्यावर लिहिले होते. पाइप सुटला, आणि काही महिन्यांत टाळूही पूर्ववत झाली. पहिले पंधरा दिवस मात्र फार कठीण गेले. तोंडापेक्षा हातालाच चुकल्याचुकल्यासारखे होई.

जावईबापू सारे शांतपणे ऐकत होते. शेवटी मी म्हणालो, "तुम्ही सज्ञान आहात. घ्यायचाच असेल तर कसा पारखावा ते सांगितले आहे. पण माझ्या हातून तो तुम्हाला मिळणार नाही."

दिवाळसणाला मी त्यांना राजमहेंद्रीचे, हाताने कातलेले एबोनाइटचे शाईचे पेन दिले. चांगल्या पाइपची तोंडाकडची नळीही पूर्वापार याच एबोनाइटची करीत आले आहेत. त्यामुळे ते निवडताना बोटांना जुनी ओळख पटली. तोल पाहिला, जोड तपासला, शाई सरळ उतरते की नाही हेही पाहिले. ते थोडे हिरमुसले, मग हसले. पुढे त्यांनी पाइप घेतला की नाही, ते मी विचारलेले नाही.

व्यवसायबंधूंना एवढेच सांगावेसे वाटते, की आपला सल्ला रुग्णाच्या कानी पडण्याआधी त्याची नजर आपल्या खिशाकडे गेलेली असते. त्या शेतमजुराने जो प्रश्न बोटाने विचारला, त्याचे उत्तर द्यायला मला इतकी वर्षे लागली.