निर्गुडीचं तेल: कधी चोळायचं, कधी नाही

भाताची लावणी झाली की कंबर धरते, पोटऱ्या भरून येतात. मग आपण तेलाची बाटली काढतो. आज आपण बोलूया बांधावरच्या निर्गुडीबद्दल.

आधी तेल कसं करायचं ते पाहू. निर्गुडीचा पाला धुऊन, वाटून चार वाट्या रस काढायचा. लोखंडी कढईत एक वाटी तिळाचं तेल, हा रस आणि पाव वाटी वाटलेला पाला घालून मंद आचेवर ठेवायचं. मधूनमधून ढवळायचं. घाई करायची नाही, कारण रसातलं पाणी पूर्ण आटलं नाही तर तेल खवट होतं, त्याला बुरशी लागते. तळाचा चोथा बोटांत वळून वात झाली आणि ती विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही, की तेल झालं. गार झाल्यावर फडक्यातून गाळून कोरड्या बाटलीत भरायचं.

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबावं. खाज आली किंवा पुरळ उठलं तर वापरू नये. जखमेवर लावू नये. काहीजणी यात कापूर घालतात. तो लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात, म्हणून बाटली उंचावर ठेवावी.

तेल कोमट करून हलक्या हाताने चोळावं, मग शेकावं. चोळण्याने आणि उबेने आखडलेले स्नायू सैल होतात, बरं वाटतं. झिजलेला सांधा मात्र तेलाने भरून येत नाही.

आता सर्वात महत्त्वाचं. एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली, गरम लागते, दुखते, तर तिथे मुळीच चोळायचं नाही. बाळंतपणानंतर, ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून राहिल्यावर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि जिवावर बेतू शकतं. बाळंतिणीचा पाय सुजला की ‘वारं लागलं’ म्हणून आपण चोळत बसतो. तसं करू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. धाप लागली, छातीत दुखलं, तर लगेच १०८ ला फोन करा.

गटाच्या पुढच्या बैठकीत तेल जरूर करा. आणि मालीश करणाऱ्या मावशींना ही सुजेची गोष्ट आधी सांगा.